फोनवरून ऊब

बाहेर पाणी गोठत असतानाही हवेत उष्णता शिल्लक असते. आपल्या बोटांना ती जाणवत नाही, घर तापवणाऱ्या हीट पंप या यंत्राला जाणवते. बाहेरच्या युनिटच्या नळ्यांमधून फिरणारं आर-३२ सारखं द्रव्य वातावरणाच्या साध्या दाबाला उणे ५२ अंशांच्या आसपास उकळतं. पंप आतला दाब असा राखतो की ते द्रव्य बाहेरच्या हवेपेक्षा नेहमी थोडं थंडच राहील, आणि मग उणे पाच अंशांची हवासुद्धा त्याला उकळायला पुरते. ती वाफ कॉम्प्रेसर दाबतो, दाबली की ती तापते, आणि घरातल्या युनिटमध्ये येऊन आपली उष्णता खोलीला देऊन पुन्हा द्रव होते. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून जगाला माहीत झालेले शास्त्रज्ञ, यांनी इमारती अशा रीतीने तापवता येतील हे १८५२ मध्येच मांडलं होतं. सौम्य थंडीत एक युनिट वीज खर्च करून तीन ते चार युनिट उष्णता घरात येते. साधा विजेचा हीटर एकाला एकच देतो.

मला या यंत्राचं अप्रूप वाटलं ते या हिशेबाचं. फोनवरून ते चालवायचं ॲप नंतर आलं. काही हिवाळे ते वापरल्यावर आता माझं मत पक्कं झालं आहे: फोनमुळे यंत्राला दुरून सांगता येतं याचं मोल थोडं, यंत्राकडून ऐकता येतं याचं मोल फार मोठं. ॲप विकणारे मात्र पहिल्याच गोष्टीची जाहिरात करतात. गाडीत बसल्याबसल्या घर तापवा, पांघरुणातून न उठता बटण दाबा. आणि नेमका हाच वापर हीट पंपाला कमी मानवतो.

आधी रिमोटविषयी. बहुतेक युनिटांबरोबर येणारा रिमोट इन्फ्रारेड प्रकाशाचा असतो. बटण दाबलं की त्याच्या टोकाचा छोटा दिवा सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो. डोळ्यांना ते दिसत नाही, पण फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरला तर बहुधा जांभळट ठिपका दिसतो. हे बोलणं एकतर्फी असतं. रिमोटच्या पडद्यावर २१ दिसतात याचा अर्थ यंत्र २१ वर लागलं आहे असा नाही. आपण शेवटचा निरोप काय धाडला एवढंच तो सांगतो. मध्ये कोणी उभं असेल, नेम चुकला असेल, निरोप पोचलाच नसेल, तरी रिमोट आपला २१ च दाखवत राहतो. यंत्राने केलेला बीप ही त्याची एकुलती एक पोच, आणि खोलीबाहेर पाऊल टाकलं की तीही नाही.

खोलीतल्या गारठ्याची खबर दूरवर पोचावी ही गरज जुनी आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर इथे वॉरेन जॉन्सन शिकवत असत. वर्ग गार पडला की गरम झाला हे बघायला शाळेच्या शिपायाला एकेका वर्गात शिरावं लागे. जॉन्सन यांनी विजेवर चालणारं असं उपकरण बनवलं की वर्गातलं तापमान बदललं की खाली भट्टी सांभाळणाऱ्याकडे घंटा वाजावी. १८८३ मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं. खोलीचं तापमान ठरल्या आकड्यावर राखणाऱ्या आजच्या थर्मोस्टॅटचा हा एक पूर्वज. भट्टीच्या झडपा माणूसच फिरवायचा. उपकरणाने फक्त बातमी द्यायची. वायफायचा अ‍ॅडॉप्टर बसवला तेव्हा मला हे जॉन्सन फार जवळचे वाटले.

आमच्या युनिटांत वायफाय मुळात नव्हतं. हल्लीच्या बऱ्याच यंत्रांत ते आतच असतं, पण नसेल तर हाताच्या पंजापेक्षा लहान असा अ‍ॅडॉप्टर वेगळा मिळतो. पुढचं झाकण काढलं की कंट्रोल बोर्डावर त्यासाठी एक कनेक्टर असतो, त्यात त्याची वायर बसते. मेन स्विच बंद केल्याशिवाय तिथे हात घालायचा नाही, आणि जरा जरी शंका असेल तर हे काम तंत्रज्ञाकडूनच करून घ्यायचं. आमच्याकडे तंत्रज्ञानेच ते केलं. झाकण लावण्याआधी एक गोष्ट मात्र आपणच करायची: अ‍ॅडॉप्टरवरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवायचा. त्यावर सिरियल नंबर असतो, अ‍ॅडॉप्टरच्या स्वतःच्या नेटवर्कचं नाव असतं, बहुधा पासवर्ड आणि क्यूआर कोडही असतो. झाकण बंद झालं की हे सगळं छताखाली हातभर अंतरावर, पण डोळ्यांआड जातं. पुन्हा लागलं की स्टूल घ्या, झाकण काढा, टॉर्च धरा.

मग जोडणी. अ‍ॅडॉप्टरचा दिवा लुकलुकू लागतो आणि तो स्वतःचंच एक छोटं वायफाय सुरू करतो. आपल्या फोनने क्षणभर घरचं वायफाय सोडून त्याला जोडून घ्यायचं, त्याच्या कानात घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड सांगायचा, आणि मग दोघांनीही घरच्या नेटवर्कवर परत यायचं. ऐकायला एवढंच. पण फोन हुशार असतो. या नव्या नेटवर्कवर इंटरनेट नाही हे त्याच्या लक्षात येतं आणि तो गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो. ॲप बिचारं वाट बघत राहतं आणि शेवटी ‘डिव्हाइस सापडलं नाही’ म्हणून मोकळं होतं. म्हणून जोडणीपुरता मोबाइल डेटा बंद ठेवायचा. अँड्रॉइडवर ॲपने लोकेशनची परवानगी मागितली तर दचकायचं कारण नाही. आजूबाजूची वायफाय नेटवर्कं शोधायलाही बऱ्याच ॲपना ती लागते. आयफोनवर ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी वेगळी विचारतात, ती नाकारली तर ॲपला घरातलं यंत्र दिसतच नाही.

सगळ्यात जास्त लोक अडतात ते वायफायच्या दोन पट्ट्यांपाशी, २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झपाशी. हे अ‍ॅडॉप्टर बहुधा २.४ वरच बोलतात, आणि त्यात काही कमीपणा नाही. २.४ ची लहर साडेबारा सेंटिमीटर लांब असते, ५ ची सुमारे सहा. लांब लहर भिंतींमधून जास्त तगून पोचते, आणि यंत्राला सांगायचं असतं ते ‘२१ अंश, पंखा मंद’ एवढंच. त्याला वेग लागतो कशाला? पण राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाखाली दाखवत असेल तर जोडणीच्या वेळी घोळ होऊ शकतो. अशा वेळी राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ५ चा पट्टा तेवढ्यापुरता बंद करायचा, नाहीतर पाहुण्यांसाठीचं जे वेगळं नेटवर्क असतं ते फक्त २.४ वर सुरू करायचं. सुरक्षेची पद्धत फक्त डब्ल्यूपीए ३ अशी ठेवली असेल तर जुने अ‍ॅडॉप्टर दारातच अडतात; डब्ल्यूपीए २ चालू द्यावं लागतं. घरगुती यंत्रांना पाहुण्यांच्या नेटवर्कवर ठेवणं मला तसंही पटतं. भिंतीवरच्या युनिटला माझ्या लॅपटॉपची ओळख असायचं काय कारण?

जोडलं गेलं. पडद्यावर खोल्यांची नावं आली, आकडे आले. आणि मोह सुरू झाला.

हा मोह कुणालाही होईल. बोटाखाली बटण आहे म्हटल्यावर दाबावंसं वाटतं. बाहेर पडताना १६ करावं, परतताना २२ करावं. गॅसच्या भट्टीची ज्यांना सवय आहे त्यांना हेच काटकसरीचं वाटतं, कारण भट्टी सावकाश चालो की जोरात, एका माप इंधनातून मिळणारी उष्णता जवळपास तेवढीच असते. हीट पंपाचं गणित मुळात वेगळं आहे. त्याला किती उंच चढायचं आहे यावर सगळं अवलंबून. फ्रेंच अभियंते सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये उष्णतेच्या यंत्रांची जी सीमा दाखवली, तिच्यावरून हिशेब करून बघता येतो. बाहेरच्या नळ्या उणे पाच अंशांवर आणि घरातल्या नळ्या ३५ अंशांवर असतील, तर तत्त्वतः एका युनिट विजेत जास्तीत जास्त ७.७ युनिट उष्णता आणता येते. घरातल्या नळ्या ५० अंशांवर न्याव्या लागल्या तर तीच सीमा ५.९ वर घसरते. खरी यंत्रं या सीमेच्या निम्म्याच्या आसपासच पोचतात, पण प्रमाण तेच राहतं. खोली सावकाश राखायची असेल तर ३५ अंशांच्या नळ्या पुरतात. गार पडलेली खोली घाईघाईने वर आणायची असेल तर यंत्र ५० कडे धावतं, कॉम्प्रेसर पूर्ण वेगाने फिरतो, बाहेरच्या नळ्या आणखी गार पडतात, त्यांवर बर्फ लवकर धरतं. ज्या घरांत मदतीला विजेचा हीटर जोडलेला असतो तिथे तोही या घाईत चालू होतो, आणि तो एकाला एकच देणारा. दिवसभर वाचवलेलं संध्याकाळच्या तासाभरात जाऊ शकतं.

वेग कमी-जास्त करू शकणाऱ्या इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला मंद, अखंड चाल आवडते. म्हणून आमच्या ॲपमधलं वेळापत्रक आता अगदी रोडावलं आहे. रात्री झोपायच्या खोल्या दीड अंश खाली, पहाटे उजाडायच्या बऱ्याच आधी परत वर. बाकी दिवसभर आकडा तोच. घर आठवडाभर बंद राहणार असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा बेधडक खाली आणावं, आणि परतायच्या आदल्या संध्याकाळी दुरूनच टप्प्याटप्प्याने वर न्यावं. दूरच्या बटणाचा मला दिसलेला हा सगळ्यात चोख उपयोग. यंत्राला घाई न करता वेळ देता येतो.

पण रोजच्या जगण्यात ॲप कामाला येतं ते वेगळ्याच प्रकारे. एकदा मी घरापासून दूर होते आणि सासूबाईंचा फोन आला.

“अगं, वरच्या खोलीतल्याचा दिवा लागलाय, पण वारा थांबलाय. बंद करून परत लावू का?”

मी ॲप उघडलं. बाहेर एक अंश, हवा दमट, आणि युनिटच्या नावाखाली ‘डीफ्रॉस्ट’ असा शब्द. शून्याच्या आसपासची ओली हवा हीट पंपाला कोरड्या कडाक्याच्या थंडीपेक्षाही जास्त छळते. हवेतली ओल बाहेरच्या नळ्यांवर बर्फ होऊन बसते आणि वाऱ्याची वाट बुजवते. मग यंत्र आपली दिशा बदलणारी झडप फिरवून थोडा वेळ उलट दिशेने चालतं, घरातलीच थोडी उष्णता बाहेर नेऊन ते बर्फ वितळवतं. तेवढा वेळ आतला पंखा थांबवून ठेवतं, अंगावर गार झोत येऊ नये म्हणून.

“आई, हात लावू नका. बाहेर नळ्यांवर बर्फ धरलंय, ते वितळवतंय. दहाएक मिनिटांत वारा येईल.”

“म्हणजे बिघडलं नाही ना?”

“नाही बिघडलं.”

“मग ठीक आहे. मी आपली खाली जाऊन बसते.”

त्यांनी मध्येच बंद केलं असतं तर अर्धवट वितळलेलं बर्फ तसंच राहिलं असतं. शिवाय कॉम्प्रेसर बंद झाला की आतले दाब सारखे होईपर्यंत, म्हणजे साधारण तीन मिनिटं, यंत्र त्याला पुन्हा सुरू होऊ देत नाही. माणूस त्या तीन मिनिटांत आणखी चार बटणं दाबतो. मी त्या दिवशी फोनवरून एकही हुकूम दिला नाही, तरी ॲपची किंमत मला त्या दिवसाइतकी कधी पटली नव्हती. यंत्र काय करतंय हे घरातल्या माणसाला सांगता आलं, आणि त्या निश्चिंत झाल्या.

त्यातूनच घरात एक नियम ठरला. खोलीत माणूस असेल तर त्या खोलीचा आकडा बाहेरून बदलायचा नाही. बदलायचाच असेल तर आधी विचारायचं. दुरून अर्धा अंश कमी करणाऱ्याला फक्त आकडा दिसतो. खिडकीपाशी बसलेल्या माणसाला लागणारी झुळूक दिसत नाही. उंटावरून शेळ्या हाकण्यातला सगळा दोष यात उतरतो. त्याच कारणाने रिमोट भिंतीवरच्या आपल्या जागी टांगलेला असतो आणि तो कुणी हलवत नाही. सासूबाईंना फोनच्या पडद्यावरून गरम हवा मागावी लागू नये असं मला मनापासून वाटतं.

आकड्याबद्दलही सावध राहावं लागतं. युनिट भिंतीवर उंच असतं आणि ते मोजतं त्याच्याकडे परत येणाऱ्या हवेचं तापमान. गरम हवा वर जमते. ॲपवर २२ दिसत असताना खुर्चीत बसलेल्याच्या गुडघ्याशी २० असतं. पंखा अगदी मंद ठेवला तर हा फरक आणखी वाढतो, कारण हवा ढवळली जात नाही. काही यंत्रांना खोलीत माणसाच्या उंचीवर ठेवायचा वेगळा बिनतारी सेन्सर जोडता येतो, आणि माझ्या मते अ‍ॅडॉप्टरखालोखाल पैसे घालावेत अशी वस्तू तीच. तो नसेल तर साधा थर्मामीटर टेबलावर ठेवून फरक किती पडतो ते एकदा बघून घ्यावं आणि ॲपमधला आकडा तेवढा चढा ठेवावा.

एका बाहेरच्या युनिटवर दोन-तीन खोल्या चालत असतील तर आणखी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. घरांत बसतात ती अशी बहुतेक युनिटं एका वेळी एक तर सगळ्यांना तापवतात, नाहीतर सगळ्यांना गार करतात. खाली हीटिंग चालू असताना वरच्या खोलीत कुणी कूलिंग लावलं, तर वरचं युनिट दिवा लावून नुसतं उभं राहतं. ‘ऑटो’ मोड यात सगळ्यात फसवा. ऊन खिडकीतून आत येतं, खोली ठरल्यापेक्षा तापते, यंत्र आपणहून कूलिंगकडे वळू पाहतं आणि इतर खोल्यांशी त्याचा झगडा सुरू होतो. आमच्या मुलीच्या खोलीतलं युनिट अधूनमधून रुसायचं त्याचं कारण हेच निघालं. प्रत्येक खोलीचा मोड एकाच पडद्यावर एकाखाली एक दिसला, तेव्हा ते उलगडलं. थंडीभर सगळीकडे सरळ हीटिंग, ऑटो नाही, हे ठरल्यापासून तक्रार नाही.

आता यातली जी बाजू मला बोचते ती. माझा फोन आणि भिंतीवरचं युनिट एकाच खोलीत असले, तरी बऱ्याच ॲपमध्ये माझा निरोप घराबाहेर पडतो, कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून परत त्याच खोलीत येतो. इंटरनेट गेलं की ॲप आंधळं. यंत्र स्वतः चालू राहतं, रिमोटही चालतो, म्हणून घर गारठत नाही. पण सर्व्हरच कायमचा बंद झाला तर? ही नुसती भीती नाही. गूगलने २०२५ मध्ये नेस्ट थर्मोस्टॅटच्या पहिल्या दोन पिढ्यांचा ऑनलाइन आधार काढून घेतला. भिंतीवर ते चालतात, फोनवरून चालत नाहीत. २०११ आणि २०१२ ची ती उपकरणं. हीट पंप नीट सांभाळला तर पंधरा वर्षं सहज टिकतो, आणि इतका काळ एखादं ॲप जसंच्या तसं टिकेल अशी खात्री कोण देणार? म्हणून विकत घेतानाच विचारावं की हे युनिट घरच्या घरी, इंटरनेटशिवाय बोलू शकतं का. मॅटर नावाचं जे सामाईक मानक ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं, त्याचा पाया असाच घरातल्या घरात चालणाऱ्या संवादाचा आहे. हौशी मंडळी त्याच्याही आधीपासून ईएसपी ३२ सारखी छोटी चिप युनिटच्या कनेक्टरला जोडून आणि होम असिस्टंट या घरच्याच कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मोफत प्रणालीवर सगळं घेऊन कंपनीच्या सर्व्हरला वळसा घालत आली आहेत. त्यांच्या खटाटोपाविषयी मला आदर आहे. वॉरंटीचं काय होतं ते मात्र आधी बघावं.

आणि घर बदलताना खातं काढून टाकावं. विसरलं तर नव्या माणसाच्या घरातली ऊब जुन्या माणसाच्या फोनवर राहते: तो आकडा बदलू शकतो, आणि घरात माणसं केव्हा असतात केव्हा नसतात याचा अंदाजही त्याला येतो. जुन्या घरात राहायला जाणाऱ्याने अ‍ॅडॉप्टर पहिल्याच दिवशी रीसेट करावा. राउटर बदलला तर नव्याला जुन्याचंच नाव आणि पासवर्ड द्यावा, म्हणजे सगळी युनिटं बहुधा आपापली परत जोडली जातात आणि स्टुलावर चढावं लागत नाही.

मी आता ॲप उघडते ती बहुधा सकाळी, तासातासाच्या विजेच्या खर्चाचे खांब बघायला. ते बघता बघता एक गोष्ट लक्षात आली. कोरड्या, शांत, चांगल्याच कडाक्याच्या रात्रीपेक्षा जरा उबदार पण वाऱ्याच्या रात्री आमचे खांब उंच असायचे. थंडीचा हिशेब उलटा लागत होता. नवऱ्याला पडदा दाखवला तर तो म्हणाला, “म्हणजे वारा आत येतोय कुठून तरी.” वाऱ्याच्या पुढच्याच संध्याकाळी आम्ही उदबत्ती पेटवून दारं-खिडक्यांच्या कडांशी धरत फिरलो. मागच्या दाराखाली धूर सरळ आडवा झाला. जिन्यावरच्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्यातही. दाराखाली ब्रशची पट्टी बसवली, खिडकीला रबर लावलं, आणि नंतरच्या वाऱ्याच्या रात्रींचे खांब बाकीच्या रात्रींच्या रांगेत येऊन बसले. वरच्या खोलीचा खांब अजून थोडा चढा आहे. माझा संशय माळ्याच्या झाकणावर आहे. या रविवारी शिडी लावून तिथे उदबत्ती धरायची आहे.